अर्ध्या पगाराची हजेरी

आज जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

२०२० चा मे महिना. लॉकडाऊनच्या आधीच मी आणि आमची सौ. शहरातलं घर बंद करून सांबऱ्याला थोरल्या घरी आलो होतो. विमानतळाकडून एरवी येणारा आवाजसुद्धा बंद. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, सोप्यात बसला होता. त्याच्या लेकीचा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टजवळ मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "आजोबा, आमचे कामाचे तास निम्मे केलेत. पण काळजी करू नका, जेवढे तास गेले त्यांच्या पगारातले साठ टक्के मिळणार आहेत."

दादानं फोन जवळ ओढला आणि एकच विचारलं, "त्यासाठी रोज सही करायला जावं लागतं काय रे तिथं?"

पोरगं हसलं. "नाही ओ आजोबा, कंपनीच सगळं भरून पाठवते."

"मग बरं हाय," म्हणून दादा उठला नि म्हशीला पाणी दाखवायला गेला.

घरात कुणाला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. का ते सांगतो, पण त्याआधी थोडा कायद्याचा इतिहास सांगावा लागेल. मी वकील नव्हे, साधा बी.कॉम. झालेला, बँकेत उभं आयुष्य काढलेला माणूस. तरी हा विषय मी नंतर हट्टानं वाचून काढला.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. आजकाल पुण्या-बंगळूरची आयटीतली मुलं 'ले-ऑफ झाला' म्हणतात, म्हणजे नोकरी गेली. आपल्या जुन्या कामगार कायद्यातला ले-ऑफ वेगळा. तिथं नोकरी जात नाही. नाव मस्टरवर असतं, माणूस कामाला तयार असतो, पण मालकाकडे आज द्यायला काम नसतं. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार मालाचा ढीग पडलाय, यंत्र मोडलंय, अशी कारणं कायद्यात लिहिलेली आहेत. मग त्या दिवसाच्या पगाराचं काय? आधी उत्तर सोपं होतं, काम बंद तर पगार बंद. कुठं युनियननं करार केला असेल तर थोडंफार मिळायचं, बाकी सगळा मालकाच्या मर्जीचा मामला.

हे बदललं १९५३ साली. कोरियाचं युद्ध संपत आलं होतं, कापड गिरण्यांत मालाचे गठ्ठे साचले होते, आणि हजारो कामगारांना घरी बसवण्याची वेळ येणार असं दिसत होतं. तेव्हा केंद्रात कामगारमंत्री होते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच. २४ ऑक्टोबर १९५३ पासून एक वटहुकूम लागू झाला आणि मागोमाग संसदेनं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नवं प्रकरण घातलं. ले-ऑफ दिलेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यायची, असं त्यात ठरलं. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, पण कायदा केंद्राचा असल्यामुळे तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच राहिला. सीमाभागात अशा सारख्या राहिलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्याच.

जाता जाता एक बँकवाल्याची आठवण. हेच गिरी १९५४ मध्ये मंत्रिपद सोडून गेले ते आम्हा बँक कर्मचाऱ्यांमुळे. बँक विवादात अपिलीय न्यायाधिकरणानं दिलेल्या निवाड्यात सरकारनं बदल केला, तो त्यांना पटला नाही. पुढे तो प्रश्न सोडवायला नेमलेल्या आयोगाचं काम शेवटी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांकडे आलं. साताऱ्याचे, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले, आणि आडनाव पाहा, मूळ गाव गजेंद्रगड. पुढे सरन्यायाधीश झाले, आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. आमच्या पिढीचे बँकवाले त्यांचं नाव आदरानं घेतात.

आता या कायद्यातला अर्ध्या दिवसाचा नियम. मला तो फार आवडतो. कामगार ठरल्या वेळेला गेटवर आला आणि दोन तासांत त्याला काम मिळालं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. पण मालकानं सांगितलं, "आत्ता जा, पाळीच्या दुसऱ्या निम्म्यात ये," आणि तो आला व काम मिळालं, तर ले-ऑफ फक्त अर्ध्या दिवसाचा. आणि तो परत आला, तरीही काम दिलं नाही, तर? तर त्या दुसऱ्या अर्ध्या दिवसाचा पगार पूर्ण द्यायचा, कारण माणसाला दोनदा हेलपाटा घातलास.

आम्हा लोकांना आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून रोजचे २० रुपये. पूर्ण दिवस ले-ऑफ, तर १० रुपये. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस ले-ऑफ, तर कामाचे १० आणि ले-ऑफचे ५, एकूण १५. म्हणजे ७५ टक्के. आणि आमच्या नातवाला जर्मनीत निम्मे तास काम करून किती मिळत होतं? निम्मा पगार, अधिक गेलेल्या निम्म्यातले ६० टक्के, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या ८० टक्के. १९५३ च्या आपल्या हिशेबात आणि २०२० च्या जर्मनीच्या हिशेबात फक्त पाच टक्क्यांचा फरक. मी हे कागदावर मांडलं तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. एक फरक मात्र मोठा. तिकडं हा पैसा सरकारच्या रोजगार संस्थेच्या विमा निधीतून येतो, आपल्याकडे मालकाच्या खिशातून. आणि खिशातून द्यायचं म्हटलं की माणूस आधी कोणाला द्यायचं नाही तेच शोधतो.

आता कोणाला मिळतं ते पाहा. कारखाना, खाण किंवा चहा-कॉफीचा मळा असला पाहिजे. दुकान, हॉटेल, ट्रकवाला, यात नाही. तिथं सरासरी पन्नास तरी कामगार हवेत. काम हंगामी नको. कामगाराची एक वर्षाची सलग नोकरी हवी, म्हणजे वर्षात किमान २४० दिवस भरलेले हवेत. तो बदली कामगार नको. एवढं सगळं जमलं, तरी आणखी तीन अटी. मालकानं त्याच गावात किंवा पाच मैलांच्या आत, वेगळं कौशल्य न लागणारं, तेवढ्याच पगाराचं दुसरं काम दिलं आणि ते नाकारलं, तर पैसे नाहीत. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या खात्यात संप चालू असल्यामुळे ले-ऑफ असेल, तर पैसे नाहीत. आणि कामाच्या दिवशी रोज एकदा तरी ठरल्या वेळी कारखान्यावर हजर झाला नाही, तर पैसे नाहीत.

ही शेवटची अट लक्षात ठेवा.

आमचा दादा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होता. उद्यमबाग म्हणजे बेळगावचं दुसरं टोक. सांबरा शहराच्या पूर्वेला, उद्यमबाग नैऋत्येला. सायकलनं जायला पंधरा किलोमीटर, यायला पंधरा. सकाळी आठला हजर व्हायचं तर साडेसहालाच घर सोडायचं. वाळूचे साचे, भट्टी, ओतकाम, मग कास्टिंग घासून साफ करणं. संध्याकाळी घरी आला की नाकातून काळी वाळू निघायची. पण पगार महिन्याच्या महिन्याला, आणि गावात त्या पगाराची इज्जत होती. कारखान्यात सत्तर-ऐंशी माणसं होती, म्हणजे पन्नासच्या वर. दादा तिथं कायम होता. म्हणजे कायद्यानं तो पूर्ण पात्र.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा एक उन्हाळा. त्या काळचं कर्नाटक आठवतं ना? रायचूरचं औष्णिक केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं, तोवर राज्याची जवळजवळ सगळी वीज पाण्यावर. शरावतीच्या धरणात पाणी कमी झालं की केईबी इथं बेळगावात कात्री लावायची. मोठ्या ग्राहकांना आधी. घरात आम्ही कंदील पुसून ठेवायचो, पण कारखान्यांचं काय होत असेल याचा विचार आमच्यासारख्या बँकवाल्यांनी फक्त कर्जाचे हप्ते थकले की करायचा. भट्टीचा पंखा फिरेना, वाळू कालवायचं यंत्र चालेना, ग्राइंडर बंद. दादाच्या कारखान्यात ले-ऑफची नोटीस लागली.

नोटीस कानडीत आणि इंग्रजीत. दादा सांबऱ्याच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. कुणाला तरी विचारून तो शनिवारी घरी आला. मीही सुट्टी म्हणून गावी गेलो होतो. जेवताना म्हणाला, "काम नाही म्हणे, लाईट यीपर्यंत. पण रोज यून सही करा असं काय तरी लिवलंय. काय करू गा? तू शिकलेला हैस."

मी तेव्हा नुकता ऑफिसर झालो होतो. घरात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाचं मला जरा जास्तच कौतुक होतं. मी म्हणालो, "लाईटच नाही तर सही कशाला? तीस किलोमीटर सायकल मारून उन्हात जायचं, दोन तास गेटवर बसायचं नि परत यायचं. त्यापेक्षा पाऊस तोंडावर आलाय, रान तयार कर. भाताची धूळवाफ पेरणी तरी वेळेवर होईल. काम सुरू झालं की कळवतील."

आमच्याकडे भात धूळवाफेवर पेरतात हे इथल्या मंडळींना सांगायला नको. पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत कुरी चालवायची. त्या वर्षी आमची पेरणी खरंच वेळेवर झाली. काकूनं माझं कौतुक केलं, पोरानं चांगला सल्ला दिला म्हणून.

दादा पहिले तीन दिवस जाऊन आला होता, त्या तीन सह्या झाल्या होत्या. पुढचे वीस कामाचे दिवस तो गेला नाही. मग पावसानं जोर धरला, कारखाना सुरू झाला, आणि पगाराच्या दिवशी पाकिटं वाटली गेली. त्याच्याच खात्यातला माजगावचा एक गडी, कारखान्यापासून चालत येणारा, त्याच्या पाकिटात तेवीस दिवसांची निम्मी रक्कम. दादाच्या पाकिटात तीन दिवसांची. रोजचे साधारण वीस रुपये धरले, तर दादाचे दोनशे रुपये गेले. म्हणजे दहा दिवसांची पूर्ण मजुरी. ज्या माणसाला नांगराच्या फाळाला पैसे काढताना चार वेळा मोजायची सवय, त्याचे दोनशे रुपये.

दादा माझ्याकडे आला. पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाला, "बघ की जरा, काय चुकलंय काय?"

मंडळी, बी.कॉम.ला मला इंडस्ट्रियल लॉचा पेपर होता. मी तो पास झालो होतो. त्या रात्री जुनी पेटी उघडून पुस्तक काढलं. पंचवीस-ई हे कलम पेन्सिलनं अधोरेखित केलेलं, माझ्याच हातानं. परीक्षेला पाठ केलेलं आणि परीक्षेनंतर विसरलेलं. त्याच्या आधीचं पंचवीस-डी सांगतं की ले-ऑफ असला तरी मालकानं मस्टर चालू ठेवलंच पाहिजे, म्हणजे येणाऱ्याला सही करता येईल. कारखान्यानं मस्टर ठेवलं होतं, नोटीस लावली होती, पैसे हिशेबानं दिले होते. कायद्याच्या बाजूनं बोट ठेवायला जागा नव्हती. चुकलो होतो मी.

आणि मी दादाला काय सांगितलं? "मालक लोक असंच करतात, कुठंतरी हातचलाखी केली असेल. जाऊ दे." एवढं बोलून पाकीट परत दिलं. खरं सांगायला जीभ उचलली नाही. वाटलं, पुढं कधीतरी भरून देऊ. दिवाळीला वहिनीला चांगलं लुगडं घेतलं, मुलांना कपडे घेतले. आपण मनात हिशेब मिटवतो, समोरच्याला त्याची पावती कधी मिळत नाही.

पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. जिथं बदली झाली तिथं मी लोकांच्या मस्टरबद्दल विचारायला लागलो. काही सहकारी हसायचे.

माझे मामा मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. आपल्या बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज भागातून गिरणगावात गेलेली घरं किती, ते इथं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. बदली म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जागेवर काम करणारा. रोज सकाळी गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर खोलीवर परत. त्याला काम मिळालं नाही तर तो ले-ऑफ नव्हे, कारण मुळात जागाच त्याची नाही. म्हणजे ज्या माणसाचे कामाचे दिवस सगळ्यात जास्त कापले जातात, तोच या कायद्याच्या बाहेर. बरं, त्यातही एक दार ठेवलंय. बदली कामगारानं त्या कारखान्यात वर्षाची सलग नोकरी पुरी केली, तर या कलमापुरता तो बदली राहत नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वर्ष पुरं होऊ दिलं तर की रे." देशभर कारखान्यांत २४० हा आकडा म्हणूनच इतका गाजला. कामगार तो गाठायला बघतो आणि मुकादम त्याच्या आधी 'ब्रेक' द्यायला बघतो.

मग निपाणी. तिथल्या शाखेत मी काही वर्षं होतो. तंबाखूच्या वखारी, त्या वासानं पहिल्या आठवड्यात डोकं धरायचं, नंतर सवय होते. वखारीत तंबाखू कुटायला, चाळायला, निवडायला शेकडो बायका. डोक्याला फडकं, तोंडाला पदर, आणि संध्याकाळी बाहेर पडल्या की सगळ्या एकाच तपकिरी रंगाच्या. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं या बायकांची संघटना उभी राहिली. छाया दातार यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९८९ मध्ये आलं. या बायकांचं काम कधी पूर्ण, कधी निम्मं, कधी शून्य. पण हंगामी स्वरूपाच्या कारखान्यांना ले-ऑफच्या भरपाईचं कलमच लागू नाही, आणि एखादा कारखाना हंगामी आहे की नाही असा वाद झाला तर सरकारचा निर्णय अंतिम.

विडी वळणाऱ्या बायकांची गोष्ट त्याहून बारीक. त्या घरात बसून काम करायच्या. ठेकेदार पान आणि तंबाखू मोजून देणार, त्या विड्या वळून आणून देणार, मजुरी हजारी. काम कमी करायचं असेल तर ठेकेदाराला नोटीस लावावी लागत नाही, तो फक्त पान कमी देतो. हजाराच्या ऐवजी सहाशे विड्यांचं. बाई म्हणणार, "आज पान कमी आलंय." झालं! चाळीस टक्के काम गेलं आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. विडी कारखानदारांनी त्याला आव्हान दिलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये तो कायदा उचलून धरला. मोठीच गोष्ट झाली. पण कामगार मानणं वेगळं आणि पान कमी आलेल्या दिवसाचे पैसे मिळणं वेगळं. माझ्या काउंटरवर या बायका पाच-दहा रुपये भरायला यायच्या. कोणत्या महिन्यात पान कमी आलं, ते मला त्यांच्या पासबुकावरून कळायचं. भरणा थांबायचा आणि मग काढणं सुरू व्हायचं.

वडगाव, शहापूर, खासबागच्या मागवाल्यांबद्दल तर काय लिहावं. एका शेडमध्ये चार-सहा यंत्रमाग, कुठं दहा. सूत महाग झालं की माग बंद. पन्नासचा आकडा त्यांनी फक्त सरकारी गणतीच्या कागदावर पाहिला असेल.

छोट्या आस्थापनांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली एक निकाल दिला. फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांचा खटला. न्यायालय म्हणालं की ज्या ठिकाणी हे कलम लागू नाही, तिथं करारात किंवा स्थायी आदेशात तसा अधिकार नसेल, तर मालकाला ले-ऑफ देताच येत नाही. म्हणजे निम्मे तरी द्या असं नव्हे, पगार कापायचाच अधिकार नाही. वाचून मला वाटलं, वा! पण सहा मागांच्या शेडमधला विणकर हा निकाल हातात घेऊन कुठं जाणार? त्याच वर्षी, १९७६ मध्येच, कायद्यात आणखी एक प्रकरण आलं. तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना ले-ऑफ देण्याआधी सरकारची परवानगी. मग हा आकडा शंभरवर आणला. आता नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा नव्या औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे, आणि आकडा पुन्हा तीनशे. भरपाईचे पन्नास टक्के मात्र तेच, आणि किमान पन्नास कामगारांची अटही तीच.

माझ्या भाच्यानं मला विचारलं होतं, "मामा, मग ईएसआयची ती अटल योजना?" ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. विमाधारकाला बेकारीच्या काळात सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. कोविडमध्ये २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के केली. चांगली योजना, पण ती नोकरी गेलेल्यासाठी. तास कमी झालेल्या माणसासाठी नव्हे. आणि ईएसआयमध्ये नाव असलेल्यांपुरतीच.

त्याच दिवसांत काय झालं ते आठवत असेल. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृहखात्यानं हुकूम काढला, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना पूर्ण पगार द्या. मे महिन्यात तो मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा. आपसात! गेटवर कुलूप, एसटी बंद, कामगार गावाला. त्या दिवसात कुणाची हजेरी कुठल्या मस्टरवर लागणार होती?

आणि तेव्हाच जर्मनीतून तो फोन आला. तिकडं या पद्धतीला कुर्ट्सआर्बाइट म्हणतात, म्हणजे कमी वेळाचं काम. आपल्या बिनलग्नाच्या नातवाला साठ टक्के, घरात मूल असणाऱ्याला सदुसष्ट. निम्मं किंवा त्याहून जास्त काम गेलेल्यांसाठी त्या वर्षी चौथ्या आणि सातव्या महिन्यापासून आणखी वाढवले. २०२० च्या एप्रिलमध्ये तिकडं साठ लाखांच्या आसपास लोक या यादीत होते. अटी तिकडंही आहेत, कारखान्यातल्या किमान इतक्या लोकांचा पगार इतक्या टक्क्यांहून जास्त बुडाला पाहिजे वगैरे. पण त्या सिद्ध करायचं काम कंपनीचं. कामगारानं तीस किलोमीटर सायकल मारायची नसते.

आपल्या कायद्याची मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. दुसरं काम देताना ते पाच मैलांच्या आत असलं पाहिजे, इतका विचार केलाय. पण हजेरीच्या सहीसाठी माणूस किती लांबून येणार, याचा विचार नाही. माजगावच्या गड्याला ती सही म्हणजे सकाळचा फेरफटका. सांबऱ्याच्या माणसाला अर्धा दिवस आणि अंगातलं पाणी. दोघांच्या पाकिटाचा नियम एक. हे कायदा करणाऱ्यांना कळलं नसेल असं नाही. हजेरीची अट ठेवली नाही तर माणूस दुसरीकडे मजुरी करून इथलेही निम्मे घेईल, ही भीती. ती अगदीच खोटी नव्हे. दादानं त्या वीस दिवसांत घरच्या रानात कामच केलं होतं की. तरी माझं मत असं, की आठवड्यातून एक सही पुरली असती.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाजवळ जाऊन बसलो. तो दोरखंड वळत होता. चाळीस वर्षं होत आली होती. म्हणालो, "दादा, त्या लाईटच्या वर्षी तुझे पैसे मालकानं नाही बुडवले. मी बुडवले. सही लागत होती. मला ठाऊक असायला पाहिजे होतं, आणि नंतर कळलं तरी मी तुला खोटं सांगितलं."

दादानं हातातलं काम थांबवलं नाही.

"ठाव हाय की मला," म्हणाला. "माजगावच्या त्या गड्यानं त्याच महिन्यात सांगितलं हुतं. पुढच्या वर्षी परत लाईट गेली तवा मी रोज जाऊन सही केली नव्हं? तुला कुणी सांगितलंच न्हाई काय?"

मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा निपाणीला होतो.

"मग मला का बोलला नाहीस?"

"तू आपिसर झालेला," दादा म्हणाला. "आणि भात बरं आलं हुतं त्या वर्षी."

एवढं बोलून त्यानं दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, धरून बस म्हणाला. मी धरून बसलो. सप्टेंबरात नातवाचे तास पुन्हा पूर्ववत झाले.